नावेला उंबरा नसतो

अर्जुना आंबी आणि त्याची बायको रंगुबाई नावेत राहत. नदी ओलांडायला लोक जिच्यात बसतात, त्याच नावेत. सांगलीहून कुणाकडं पाहुणे आले की घाटावर उभे राहून म्हणायचे, काय मजा आहे हो यांची, वारा काय, पाणी काय. त्यांना एकदा पौषातल्या पहाटे त्या नावेत झोपवायला हवं होतं. मजा म्हणजे काय ते हाडांना कळलं असतं.

माझं माहेर कृष्णेच्या पूर्वेला आणि सासर पश्चिमेला. मध्ये पात्र, आणि पात्रात अर्जुनामामाची नाव. पूल तेव्हा झालेला नव्हता. सांगलीवरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडायचा. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर नदी ओलांडून पलीकडच्या गावात जायचं आणि तिथून एस.टी.नं आष्ट्याला. बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या आमच्या गल्लीत पुढं शिकणारी मुलगी मी एकटी, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या नावेत. अर्जुनामामा माझा कुणी मामा नव्हे. आम्ही जैन, तो आंबी. पण रोज ज्याच्या हातात जीव द्यायचा त्याला नुसतं नावानं हाक मारायला बरं वाटत नाही.

आंबी म्हणजे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारे लोक. वडील वारले तेव्हा दोघा भावांत वाटणी झाली, थोरला ज्ञानू आणि धाकटा अर्जुना. वाटायला होतं काय, तर पलीकडच्या घाटावरचं दोन खणांचं घर आणि ही नाव. ज्ञानूनं घर मागितलं. अर्जुनामामाला वाटलं, आपण जिंकलो. कारण नावेमागं बलुतं होतं. नावेत बसायला गावकऱ्यांना पैसे पडत नसत. सुगीत दोन्ही गावांतलं प्रत्येक घर नावाड्याला ज्वारी घालायचं. दोन-चार सुग्या काढल्या की घर बांधू, तोवर नावेतच राहू, असा त्याचा बेत. आंबी माणसालाच सुचावा असा. जन्म पाण्यावर काढलेल्याला नाव हीच भक्कम जागा वाटते. ज्वारी आली, पण ठेवायची कुठं? नावेत ठेवली की तिला बुरशी. म्हणून ती ज्ञानूच्या घरच्या कणगीत गेली, आणि कणगीवर बसली ज्ञानूची बायको चंद्राबाई. ज्वारी आत जाताना सगळ्या गावाला दिसायची. बाहेर येताना कधी कुणी पाहिली नाही.

नावेच्या एका टोकाला बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर होतं. आत ओणवं होऊनच जायचं. खाली एक वाकळ, एक पत्र्याची पेटी आणि मातीनं लिंपलेल्या घमेल्यात चूल. तेवढं घर. बाकीची नाव गावाची. रंगुमामी भाकऱ्या थापायची आणि तिच्या पाठीला पाठ लावून कुणाची तरी शेळी उभी असायची. बाईमाणसाला आडोसा म्हणून नाही. रोज पहाटे उठून आधी फळ्यांच्या फटींतून रात्रभर झिरपलेलं पाणी डब्यानं उपसायचं आणि मग तोंड धुवायचं. घरात झाडलोट करतात ना, तशी ती पाणी उपसायची.

त्यांना लीला नावाची मुलगी होती. रांगायला लागली तसं तिच्या कमरेला दावं बांधून त्याचं दुसरं टोक छपराच्या खांबाला बांधलं. पोर पाण्यात पडू नये म्हणून. नावेत बसणारे हसायचे, मामा, वासरू छान आहे हो. लीला दाव्याच्या लांबीएवढंच चालायला शिकली. काठावर सोडली तरी तेवढीच पावलं टाकून थांबायची आणि मागं वळून बघायची. पाण्यात नाहीच पडली ती. एका पावसाळ्यात हगवण लागली आणि दोन दिवसांत गेली. त्या खांबावर दाव्यानं पडलेली खाच मी कितीतरी वेळा बोटानं चाचपली आहे. रंगुमामी बघायची आणि काही बोलायची नाही.

एरवी तिला तोंड होतं. माझी वेणी तिला कधी पसंत पडली नाही. "आयनं घातलीया का वाऱ्यानं?" म्हणायची आणि काठ येईपर्यंत सोडून पुन्हा घालायची. घालताना तिचे प्रश्न नेहमी घराचे. तुमच्या उंबऱ्याला हळदीकुंकू सकाळी लावता की तिन्हीसांजेला? पोतेरं शेणाचंच घालता का पांढऱ्या मातीचं? मी वैतागायचे. माझी इतिहासाची सनावळी पाठ व्हायची असायची आणि हिला पोतेऱ्याची पडलेली.

"नावंला उंबराच न्हाई बग," ती म्हणायची. "लक्ष्मी यायची म्हनली तरी पाय कुटं ठेवायची?" आणि स्वतःच हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात नदी आमच्या बाजूला सरकत सरकत नाल्याएवढी झाली आणि पलीकडच्या घाटाखाली नाव वाळूत रुतून बसली. लोक पात्रातून चालत जाऊ लागले. गुरं मरत होती, माणसं खडी फोडायला जात होती, आमच्या घरीसुद्धा अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी शिजत होती. आणि रंगुमामी? तिनं नावेभोवतीची वाळू ओली करून, वर माती टाकून, चोपून अंगण केलं. त्यावर सडा घातला. पांढऱ्या दगडाची पूड करून रांगोळी काढली. दोन धोंडे ठेवून उंबरा म्हणून त्यांना कुंकू लावलं. एकदा मी जाताना तिनं मला त्या धोंड्यांवरून पाय न लावता आत यायला लावलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. सगळ्या मुलखाचं तोंड सुकलेलं असताना ही एकटी बाई त्या वर्षी सुखात होती. मला तेव्हा तिचा रागच आला होता. पुढच्या मृगानंतर पाणी आलं आणि अंगण गेलं, दोन्ही धोंडे गेले. नाव तेवढी वर उचलली गेली.

त्याच पावसाळ्यात तिचा खोकला सुरू झाला. आधी गुडघे धरले, मग छाती. सांगलीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, औषध देतो, पण बाईंना ओलीत ठेवू नका, कोरड्या घरात ठेवा. अर्जुनामामानं औषधाची बाटली घेतली, मान डोलावली आणि तिला पुन्हा नावेत आणून झोपवलं. दुसरं काय करणार होता? ज्ञानूकडं विचारलं तर चंद्राबाई म्हणाली, घरात पोरंबाळं हायती, रोग लागंल.

रंगुमामीला मरणाची भीती नव्हती, पण कुठं मरायचं याची होती. आमच्याकडं माणूस जायला लागलं की त्याला अंथरुणावरून उचलून भुईवर घेतात. पाठ भुईला लागली की जीव सुटतो, नाहीतर घुटमळत राहतो, असं मानतात. खरं खोटं मला ठाऊक नाही. मी शिकलेली आहे, तरीही माझ्या माणसांना मी भुईवरच घेईन. एकदा ती छपराखाली पडल्या पडल्या मला म्हणाली, "पोरी, मला कुटल्या भुईवर घेत्याल गं?"

मी काहीतरी बोलले, तुला काय झालंय, बरी होशील वगैरे. ती माझ्याकडं नाही, अर्जुनामामाकडं बघत होती. वेळू पाण्यात रोवता रोवता तो म्हणाला, "घेतो म्हनलं न्हवं का. भुईवर घेतो तुला. घरात घेतो." त्यानं दिलेला शब्द म्हणजे एवढाच. पण त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन्ही गावांत तो घरोघर हिंडला, पडवीचा कोपरा द्या म्हणून. दुसऱ्याच्या घरातलं मरण कोण आपल्या घरात घेतो? आमच्याही घरी आला होता. माझे अण्णा म्हणाले, "पोरीचं लगीन तोंडावर आलंया अर्जुना, असल्या वक्ताला कसं रं?" अण्णांचं काय चुकलं होतं असं म्हणता येत नाही, आणि त्यांचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही.

शेवटी तो ज्ञानूच्या पायांवर पडला. स्वतःच्या थोरल्या भावाच्या. तेव्हा चंद्राबाईनं गोठ्याला लागून असलेली पडवी द्यायचं कबूल केलं. तेही अटीवर. "दिवसाउजेडी आनू नगासा, लोक बगत्यात. दिवं लागल्यावर आना." दिवस ठरला. आणि नेमकं त्याच दिवशी माझं लग्न होतं.

माझं लग्न पलीकडच्याच गावात ठरलं होतं. सासरची उसाची आणि हळदीची शेती, घर बस्तीला लागून, सासू आक्काताई कडक पण न्यायाची म्हणून गावभर नाव. नवऱ्याचं नाव धनपाल. लिहिताना घ्यायला हरकत नाही, तोंडानं मी अजून घेत नाही. चौऱ्याहत्तरचा माघ महिना. अक्षता गोरज मुहूर्तावर, नवऱ्या मुलाच्या दारात. म्हणजे नवरीचं वऱ्हाड दिवस असतानाच नदी ओलांडून जायला हवं.

दुपार कलल्यावर आम्ही आमच्या काठावर गेलो. मी हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली, सोबत आई-अण्णा, थोरली काकू आणि बाकीची मंडळी. काठावरून हाक गेली की नाव यायची, कधीही, कशासाठीही. ते अर्जुनामामाचं व्रत होतं. त्या दिवशी मात्र नाव सावकाश आली. वाजंत्री पलीकडच्या काठावर वाजत होती आणि हा वेळू टाकत होता, जणू पाण्याला इजा होईल. काकू म्हणाली, आज नावाड्याला लग्नाचीबी घाई न्हाई.

आमच्या दोन गावांत एक रीत होती. नवरी नदी ओलांडते तेव्हा तिनं कृष्णाबाईची ओटी भरायची. पण खण-नारळ पाण्यात सोडायचा नाही. नावाड्याची सवाष्ण बायको असेल तिची ओटी भरायची, ती कृष्णाबाईला पोचते. मला तर रंगुमामीचीच ओटी भरायची होती. किती वर्षं ती म्हणत होती, तुजी शेवटची येनी मी घालनार.

नाव काठापासून सुटली तशी काकूनं छपराकडं तोंड करून हाक मारली. "रंगुबाई, ऊठ गं! नवरी आलीया वटी भराय."

अर्जुनामामा आमच्याकडं पाठ करून उभा होता. म्हणाला, "ताप हाय तिला. पडू द्या. आत जाऊनच भरा." आणि थोडं थांबून, "नवरीनंच जावं. जागा न्हाई आत."

मी शालू सावरत, ओणवी होऊन आत गेले. आत अंधूक होतं. रंगुमामी वाकळ गळ्यापर्यंत घेऊन पडली होती. मला वाटलं, रुसली असेल, लग्नाच्या गडबडीत मी महिनाभर फिरकले नव्हते ना. "मामी," म्हटलं. कुंकवाची कोयरी उघडली, बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं.

कपाळ गार होतं. पाण्यात राहणाऱ्या माणसाचं असतं तसलं गार नव्हे. डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. मी बोट उचललं नाही, उचलताच येईना. मग मान वळवून बाहेर बघितलं. अर्जुनामामा आता आमच्याकडं तोंड करून उभा होता. त्यानं वेळू काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले. मला, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला, त्या माणसानं हात जोडले. नाव थोडी आडवी वळली.

मला सगळं कळलं. प्रेत असलेल्या नावेतून नवरी सासरी चालली आहे. हे आता कळलं तर नाव इथूनच परत फिरेल, अक्षता थांबतील आणि मी जन्मभर पांढऱ्या पायाची. कुठल्याही घरात काहीही झालं, म्हैस आटली तरी, माझ्या पायांकडं बोट जाईल. त्याला हे आमच्या काठाला लागायच्या आधीच कळलं होतं. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं होतं.

"काय म्हनाली गं?" बाहेरून काकूनं विचारलं.

"सुखी ऱ्हा म्हनाली," मी म्हटलं.

मग मी ओटी भरली. वाकळ बाजूला करून तिच्या पदरात तांदूळ घातले, खण ठेवला. नारळ राहीना, घरंगळू लागला, म्हणून तिचा हात उचलून त्याच्यावर ठेवला. हात जड होता. ओचा भरल्यावर नमस्कार केला आणि बाहेर येऊन आईच्या शेजारी बसले. आई म्हणाली, रडू नको, काजळ उतरेल. सासरी जाताना सगळ्याच रडतात, त्यामुळं माझं रडणं कुणाला वेगळं दिसलं नाही.

गोरजावर अक्षता पडल्या. माप ओलांडून मी घरात आले. नवऱ्यानं माझा हात हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, हात किती गार आहे तुझा. त्या सगळ्या वेळात अर्जुनामामा नाव घाटाखाली बांधून छपराखाली बसून होता. चंद्राबाईच्या पडवीत दिवा लागला होता, पण त्यानं रंगुमामीला तिकडं नेलं नाही. नेलं असतं तर अक्षतांच्या वेळी घाटावर रडारड सुरू झाली असती. वाजंत्री बंद होईपर्यंत, जेवणावळी उठेपर्यंत, तो बायकोच्या प्रेताशेजारी बसून राहिला. सकाळी त्यानं ज्ञानूच्या दारात जाऊन सांगितलं, रंगू रातीच्या पारी गेली.

बायका तिला अंघोळ घालायला गेल्या. पदरातले तांदूळ आणि खण बघून पहिल्यांदा सगळ्या हळहळल्या, सवाष्ण गेली, नवरीची ओटी घेऊन गेली, भाग्याची बाई. पण चंद्राबाईनं हात-पाय बघितले. प्रेत कधीचं ताठलेलं. तिनं घाटावर उभं राहून तोंड सोडलं. "ही रातीची गेलेली न्हाई! सांजचीच गेलीया. आमी दिवा लावून वाट बगत बसलो आनि ह्यो बाबा लग्नाच्या बिदागीसाटनं नाव वडत बसला! नाव काटाला लागली तवा जित्ती व्हती ती, नवरीसंगं बोलली की!"

म्हणजे माझाच शब्द. सुखी ऱ्हा म्हनाली. माझ्या काकूनं तो जसाच्या तसा सगळ्या मांडवात सांगितला होता. त्या एका शब्दानं रंगुमामी काठाला लागेपर्यंत जिवंत राहिली, आणि अर्जुनामामा बायकोला पाण्यावर मरू देणारा ठरला. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

नव्या नवरीनं पाचव्या दिवशी घाटावर गंगापूजनाला जायचं असतं. मी गेले तेव्हा तो लांब, बाभळीला बांधलेल्या नावेत होता. बायका पूजेच्या गडबडीत असताना मी पाण्याच्या कडेकडेनं गेले आणि म्हटलं, "मामा, मी सांगते सगळ्यांना."

"सांगशील तर ती फुकाट गेली," तो म्हणाला. "तिला भुईवर घेतो म्हनलं व्हतं. ते मी तुज्यापायी मोडलं. आता बोलून तू तुजं घर बी मोडू नगंस. जा. ह्या अंगाला येत जाऊ नगंस."

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एकही खाली उतरेना. नातलग एकेक करून पिंडासमोर उभे राहून बोलू लागले. तुझ्या नवऱ्याला सांभाळू, लीलाच्या नावानं पोरींना जेवू घालू, अमुक करू, तमुक करू. कावळे बसून होते. मग जमलेल्यांतले म्हातारे ज्ञानूला म्हणाले, "तू बोल. घराचं बोल. तिचा जीव घरात हाय." सगळ्यांना ठाऊक होतं. ज्ञानूनं फक्त म्हणायचं होतं, अर्जुनाला घरात कोपरा देतो. नुसतं म्हणायचं. तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "ऊन व्हाय लागलंया. दर्भाचा करा." मग गवताचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं घरी जेवायला गेली. हे मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. ते घाटावर होते. सांगताना त्यांनी ज्ञानूला शिवी दिली. घरात त्यांच्या तोंडून शिवी मी तेवढीच ऐकली.

ज्या नावेत रात्रभर प्रेत ठेवलं त्या नावेत कोण बसणार? शाळेची पोरं चार दिवस बसली, मग त्यांच्या आयांनी बंद केलं. ज्ञानूनं कुणाकडून तरी पैसे उभे केले, मिरजेकडून एक वापरलेली नाव आणली आणि घाटाला लावली. सुगीतली ज्वारी आता थेट त्याच्याच कणगीत जाऊ लागली. घर त्याचं, नावही त्याची. आणि अर्जुनामामा आपल्या जुन्या नावेत, बाभळीला बांधलेला, कुणाला कुठं न नेणारा. तरी रोज पहाटे उठून तो पाणी उपसायचा. डब्याचा आवाज आमच्या परसापर्यंत यायचा. मी चूल पेटवता पेटवता ऐकायचे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला आणि सहा दिवसांचा होऊन गेला. नवऱ्याला मी तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी उठून भाकरी बांधून घेतली आणि ते घाटाकडं गेले. त्या दिवसापासून रोज जायचे. मामा मासे खाणारा आणि आमच्या घरात कांदासुद्धा चालत नाही, पण भाकरीला काय जात नसते. आक्काताईंनी विचारलं तर म्हणाले, म्हातारा एकटा हाय.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर पहाटेचा डबा वाजायचा थांबला. आम्ही दोघं गेलो. पलीकडं नव्या पुलाचे खांब उभे राहिले होते आणि मामा छपराखाली, रंगुमामीच्याच वाकळीत पडला होता. फळ्यांवर पाणी साचून वाकळ भिजली होती. त्याच्या छातीतून तोच आवाज येत होता, तिच्या येत असे तो.

"मामा, चला," हे म्हणाले. "पडवी सारवून घेतलीया. आईला सांगून आलोया मी. घरात चला."

मामानं डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाला, "वटी भरायला आलीस व्हय?" भ्रम असेल. मग शुद्धीवर आल्यासारखा हळूहळू बोलला. "न्हाई गड्या. तिला भुई मिळाली न्हाई. मला कशाला?"

ह्यांनी त्याला उचलायला हात घातले तर त्यानं त्या खाच पडलेल्या खांबाला हात घट्ट धरून ठेवला. मी पाया पडले, रडले, भांडलेसुद्धा. म्हटलं, मामी तुम्हाला काय म्हणेल. तो म्हणाला, "तिला सांगीन की मी, मी बी न्हाई घेतली." आम्ही पाणी उपसलं, कोरडी घोंगडी घातली आणि तिथंच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाण्यावरच, तो गेला.

घाटावर गाव जमलं. ज्ञानू आता भाऊ म्हणून पुढं झाला होता. चंद्राबाई बायकांत उभी राहून म्हणाली, "बायकूला पान्यात मारली, सोताबी पान्यात मेला. बिदागी कुटं गेली आता?"

मी डोईवरचा पदर पुढं ओढलेली, सासूच्या शेजारी उभी. आक्काताईंचा हात माझ्या कोपराला लागलेला. मामानं गप्प राहा म्हणून सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण ज्याच्या सांगण्यावरून गप्प राहिले तो तिरडीवर होता आणि ही बया बोलत होती. मी पदर मागं केला.

"चंद्राकाकू," मी म्हटलं, "मामी नावंत मेलेली व्हती. मी लग्नाला येताना. माज्या म्हायेरच्या काटाला लागायच्या आदीच गेली व्हती ती. मी तिच्या कपाळाला कुकू लावलं. सुखी ऱ्हा म्हनाली, हे मी खोटं बोलले. मला कुनी पांढऱ्या पायाची म्हनू नये म्हनून मामानं तोंड उगाडलं न्हाई. तुमच्या पडवीचा दिवा त्यानं बगितला न्हवता असं न्हाई. माज्यापायी तो दिवा त्यानं इजू दिला."

चंद्राबाईनं तोंडाला पदर लावला. ज्ञानू तिरडीची दोरी आवळत होता, त्यानं आवळलेली गाठ सोडून पुन्हा आवळली. आक्काताईंचा हात माझ्या कोपरावरून निघाला.

घरी आल्यावर त्या माजघरात बसल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग म्हणाल्या, "मंजी म्हनून त्ये पोरगं ऱ्हायलं न्हाई." तीन वर्षं गावाला आणि घराला कळत नव्हतं की माझं पहिलं मूल कशामुळं गेलं. आता कळलं. अर्जुनामामानं जे माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं ते अखेर आलं, आणि मी स्वतःच हाताला धरून आणलं. पुढं मला दोन मुली झाल्या, दोघी धडधाकट आहेत, तरी ते गेलं नाही. आक्काताई वाईट नव्हत्या. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त कुठल्या बारशाला, डोहाळजेवणाला मला पुढं केलं नाही. त्या दिवसापासून गावात कुणी माझ्या हातानं ओटी भरून घेत नाही.

नाव उपसायला कुणी नव्हतं. चार-आठ दिवसांत ती पाण्याखाली गेली, बाभळीला बांधलेली दोरी तेवढी ताणलेली दिसायची.

पूल झाल्यावर नवऱ्या मोटारीतून येतात आणि खिडकीतून नदीत नारळ टाकतात. मी कधी त्या पुलावरून माहेरी जाते तेव्हा खाली बघते. सुखी ऱ्हा म्हनाली, हे मी खोटं बोलले, हे सगळ्या गावाला माहीत झालं. पण ती जिवंत असती तर दुसरं काय म्हणाली असती?